मुठीत धरून बघितलं व्हतं?

राहवत नाहीये, म्हणून लिहून टाकते.

आज सुट्टी म्हणून उरणला घरी आलेय. माझी पीएचडी लोहयुक्त सुपरकंडक्टर स्फटिकांवर आहे. नखाएवढ्या स्फटिकाचं एक टोक किंचित तापवायचं आणि दोन टोकांत किती व्होल्टेज येतं ते मोजायचं. माझं उत्तर मायनस येतं, आणि अख्खा प्रबंध त्या मायनसवर उभा आहे. परवा जमा करायचाय.

जेवणानंतर कौतुकाने बाबांना आलेख दाखवला. बाबांचा जन्म गॅसच्या कारखान्यात तापमापकाच्या तारा जोडण्यात गेला.

"तारा उलट्या न्हाय ना लागल्या?"

"नाही हो बाबा."

"मुठीत धरून बघितलं व्हतं?"

नवी तार बसवण्याआधी ते तिचं टोक मुठीत धरायचे. मुठीच्या उबेने मीटरवरचा आकडा चढला तर जोडणी बरोबर, उतरला तर उलटी.

मी आधीच्या सीनियरची जोडणी जशीच्या तशी वापरली. दोन वर्षं. उणे अडीचशे अंशांपर्यंत मोजत गेले, पण एका टोकाला साधं बोट लावून कधी पाहिलं नाही. तारा उलट्या असतील तर मायनसचा प्लस होतो, आणि माझा निष्कर्षच उलटा.

लॅब उद्याच उघडेल. सरांचा नंबर समोर काढून बसलेय. तुम्ही आत्ताच सांगितलं असतं, की उद्या तपासून?

बाबा दर पाच मिनिटांनी येऊन म्हणतायत, "बरोबरच असंल गो."

त्यानेच जास्त भीती वाटतेय.