सोसायटीच्या ग्रुपवर माझे मुरूम

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या तोंडाची जाहीर चर्चा झाली. म्हणजे बाकीच्यांना वाटत होतं, चर्चा भलत्याच गोष्टीची चाललीय... पण होती माझ्या तोंडाची.

मी मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी इंदूरला आले आणि विजय नगरात भाड्याने फ्लॅट घेतला. सकाळी पोहे-जिलेबी आणि संध्याकाळी दिसेल त्या पदार्थावर शेव, असा आहार सुरू झाला. त्याने म्हणा की पाणी बदलल्याने म्हणा, दोन्ही गाल मुरमांनी भरून गेले.

इथल्या मुली स्कूटीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळतात, डोळे तेवढे उघडे. मला ही पद्धत इतकी सोयीची वाटली की मी लिफ्टमध्येसुद्धा दुपट्टा काढेना. ऑनलाइन मीटिंगला कॅमेरा बंद, आईला व्हिडिओ कॉल बंद... दोन्हीकडे नेटच्या नावाने खडे फोडायचे.

आणि नेमका तेव्हाच क्लायंट इंदूरला येणार असं ठरलं. आल्यापासून ज्या कामावर मी जीव तोडून मेहनत केली होती, त्याचा डेमो शुक्रवारी समोरासमोर द्यायचा होता. मी बॉसना म्हटलं, दुसऱ्या कुणाला द्या, मला बरं नाहीये. ते म्हणाले, बुधवारपर्यंत नक्की सांग. घरी येऊन मी ढसाढसा रडले, कारण माझं काम दुसऱ्या कुणी आपलं म्हणून दाखवावं हे मला अजिबात सहन होणार नव्हतं.

मग सुरू झाले उपाय. एका रीलमध्ये बघून लिंबू आणि खायचा सोडा चोळला, तर गाल असे चरचरले की डोळ्यांतून पाणी आलं. टूथपेस्ट लावून झाली, मध-दालचिनी झाली. मुरूम तिथेच, वर लालेलाल डाग.

खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण काकू राहतात. पिढ्यान्‌पिढ्या इंदूरच्या, त्यांचं मराठी ऐकायला मला फार गोड वाटतं. माझं तोंड बघून त्या हबकल्याच. "अगं बेटा, चेहरा आहे की प्रयोगशाळा? हे सगळं बंद कर बरं. कोरफड लाव नि हफ्त्यातून एकदा मुलतानी मिट्टी. बाकी हात नको लावू, बस." कुंडीतलं कोरफडीचं पानही त्यांनीच कापून दिलं.

पण मला घाई होती ना! मंगळवारी संध्याकाळी मी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या बाणेदार हिंदीत लिहिलं... 'बहुत मुरूम हो गया है, बाहर निकलने में शर्म आती है. जल्दी जाए ऐसा कोई घरेलू उपाय बताइए.'

धडाधड उत्तरं आली. एकाने लिहिलं, पहले पानी मारना पड़ेगा. बरोबर, तोंड धुवायला हवंच. दुसऱ्याने लिहिलं, रोलर फिरवा दो, एकदम प्लेन हो जाएगा. मला वाटलं, तो रीलवाला दगडी रोलर, गालांवर फिरवतात तो... मी लगेच ऑनलाइन किंमतीसुद्धा बघितल्या. सेक्रेटरी अंकलनी तर लिहिलं, मैडम, शर्म तो हमको आनी चाहिए, कल सुबह ख़ुद आता हूँ. किती प्रेमळ लोक आहेत, असं वाटून माझा ऊर भरून आला.

बुधवारी सकाळी मी मुलतानी मिट्टी थापून बसले होते. बेल वाजली. दारात सेक्रेटरी अंकल, त्यांच्यामागे फावडं घेतलेला एक माणूस आणि आवाज ऐकून वर आलेल्या काकू.

"मैडम, ज़्यादा कहाँ है?" अंकलनी विचारलं.

मी निमूटपणे गालाकडे बोट दाखवलं.

अंकल माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्या मागच्या फावड्याकडे... "ये तो मुहांसे हैं, मैडम," ते हळूच म्हणाले. "मुरम तो गेट पे पड़ी है."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ड्रेनेजच्या कामानंतर गेटसमोर रस्त्यात टाकतात त्या मुरमाचा ढीग पडला होता. आपल्या मराठीत तोही मुरूम आणि हाही मुरूम. इंदूरच्या हिंदीत मात्र मुरम म्हणजे फक्त रस्त्यावरचा!

आधी काकू खो खो हसत सुटल्या. मग अंकल, मग मी. हसता हसता तोंडावरच्या वाळलेल्या मातीचे पोपडे अंकलच्या चपलांवर पडायला लागले. इतक्या दिवसांत मी स्वतःच्या तोंडाला पहिल्यांदाच हसले होते, आणि खरं सांगते, फार हलकं वाटलं.

दुपारपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं. आता लपवायचं कुणापासून? मी बॉसना फोन करून सांगितलं, डेमो मीच देणार.

शुक्रवारी दुपट्टा स्कूटीच्या डिकीत टाकला आणि तशीच आत गेले. क्लायंटने माझ्या गालांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, उलट रिपोर्टच्या पानावर मला असं धारेवर धरलं की मीसुद्धा माझे गाल विसरले. काम आमच्याकडेच राहिलं. संध्याकाळी आईला व्हिडिओ कॉल केला. ती आधी रागावली, मग म्हणाली, बारीक झालीस. मुरमांचं नावही नाही!

आता चेहरा बराच निवळलाय. कोरफडीने म्हणा, शेव कमी केल्याने म्हणा, नाहीतर मी एकदाचं चोळणं थांबवल्याने म्हणा. काकू, तुमचे उपकार आहेत हो... आणि अंकल, तुमचेही.

गेटसमोरचा ढीग मात्र अजून तसाच आहे. परवा ग्रुपवर एका नव्या भाडेकरूने वैतागून विचारलं, ये मुरम कब हटेगी?

अंकलनी उत्तर दिलं, मैडम की तो हट गई, अब गेट का नंबर है.