वरच्या ब्लॉकची भिंत

चिंचणीच्या बळवंत सावेंना गावात कोणी वाईट म्हणणार नाही. चिकू उतरले की पहिली टोपली शेजारी जाते, कुणाच्या घरी मयत झालं की हे सगळ्यांआधी हजर. खोड एकच, पण भारी. आपलं काही चुकू शकतं, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. त्यांच्या पत्नी विजयाताई म्हणतात, "ह्यांना ठेच लागली तरी माफी दगडानं मागायची."

कंपनीतून निवृत्त झाल्यावर बळवंतभाऊंनी घरावर मजला चढवला आणि तो ब्लॉक भाड्याने दिला. भाडेकरू म्हणजे मुरबे गावचं कोळी जोडपं, दर्पण आणि हिना तामोरे. दर्पण बोईसरच्या कारखान्यात शिफ्टला जातो. हिनाची सासू गावाहून सुक्या बोंबलाची पिशवी धाडायची, त्यातले अर्धे बोंबील खाली विजयाताईंच्या डब्यात यायचे. बळवंतभाऊ त्याचं कालवण बोटं चाटून खायचे बरं का!

गेल्या वर्षी वरच्या हॉलच्या भिंतीला लोणा लागला. पांढरी भुकटी सुटायला लागली, रंगाचे पोपडे पडायला लागले. बळवंतभाऊ वर गेले, भिंतीवर बोट फिरवून जिभेला लावलं. खारट. झालं, निकाल लागला.

"हे तुमच्या सुक्या मासळीचं मीठ हाय. मी घर रंगवून दिलं होतं, खराब तुमी केलं. आता रंग तुमीच लावायचा."

"काका, बोंबलाला मीठ लावत नाय," हिना हळूच म्हणाली.

बोंबील नुसत्या उन्हात सुकतात, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बळवंतभाऊंना ठाऊक नव्हतं थोडंच! पण एकदा तोंडातून शब्द गेला होता. तो मागे घेतील तर ते बळवंतभाऊ कसले? उलट नाक्यावरच्या दुकानात चार माणसांत सांगून आले, "मासळीवाल्यांना घर दिलं की असं होतं."

त्यानंतर विजयाताईंचा डबा रिकामा झाला. त्यांनी विचारलं तेव्हा हिना म्हणाली, "काकी, आता आमी सुकं आणतच नाय. सासूला नको सांगितलं." कोळ्याच्या लेकीने घरातून बोंबील बंद केले, तरी भिंत आपली झडतच राहिली. शेवटी बळवंतभाऊंनी बजावलं, दिवाळीच्या आत रंग लावा, नायतर घर खाली करा.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दर्पण कामावर होता. हिना एकटीच पदर खोचून लोखंडी पट्टीने भिंत खरवडत होती. बळवंतभाऊ देखरेखीला वर आले आणि दोन मिनिटांत त्यांना राहवेना.

"असं नाय. आण ती पट्टी इकडे."

त्यांनी जोरात पट्टी घातली तसं गिलाव्याचं ढेकूळ खाली पडलं आणि फुटलं. आतून शिंपल्याचे तुकडे निघाले. त्यांनी आणखी खरवडलं. आणखी तुकडे.

बळवंतभाऊंचा हात तिथेच थांबला. मजला चढवताना रेती त्यांनीच आणली होती, किनाऱ्यावरची, फुकटची. विजयाताई तेव्हा म्हणाल्या होत्या, "खारी हाय ती, निदान धुऊन तरी घ्या." ते हसण्यावारी नेलं होतं.

हिनाने तुकडे पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. ती घाईघाईने खाली वाकली. "आमच्याकडूनच आले असतील, काका. मी काढून टाकते, रागावू नका."

गिलाव्याच्या पोटातला शिंपला, आणि ही पोर तोही आपल्या माथी घेत होती! बळवंतभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प बसावं, असंही क्षणभर मनात आलं. ती मान्य करतेच आहे, कुणाला कळणार? त्या विचाराची तर त्यांना जास्तच लाज वाटली.

"ठेव ते," ते कसेबसे म्हणाले. "तुमचं काय नाय त्यात. रेती मी आणली होती, समुद्राची. मीठ त्यातलंच. चूक माझी हाय, हिना. गिलावा मी काढून घेतो, रंगही माझा. दुकानातही सांगतो सगळ्यांना."

ती रडेल, नाहीतर चार शब्द सुनावेल, असं त्यांना वाटलं. सुनावले असते तर बरं झालं असतं. हिनाने हातातले तुकडे खिडकीत नेऊन ठेवले.

"दुकानात नंतर सांगा, काका," ती म्हणाली. "आधी दर्पणला सांगा. मी सांगितलं तर त्याला खरं वाटायचं नाय. तुमच्या शब्दावर वर्षभर तो मलाच बोलतोय, तुझ्या खाण्यापायी घर जाणार म्हणून."

बळवंतभाऊंना मान वर करवेना. एरवी भाडेकरूंशी काही बोलायचं तर ते त्यांना खाली बोलावत. त्या संध्याकाळी दर्पण शिफ्टवरून येईपर्यंत ते त्याच्या दाराबाहेर जिन्यावर बसून राहिले.