ओटा कुणाच्या मापाचा?

घराचं काम संपलं की तीन गोष्टी उरतात: थोडी वाळू, चार फरश्या आणि किस्से. वाळू शेजारी नेतात, फरश्या गच्चीवर पडून राहतात. किस्से मात्र कुणी नेत नाही, ते आपल्याच गळ्यात! सांगलीत आप्पांच्या ऑफिसात मी इतकी वर्षं ड्रॉइंग काढली, त्यामुळं माझ्याकडं ट्रकभर साठलेत.

आप्पा म्हणजे आमचे कॉन्ट्रॅक्टर. जुन्या घरांची दुरुस्ती, वाढीव बांधकाम हे त्यांचं काम. ऑफिस म्हणजे एक टेबल, मी, आणि दारात स्कूटरवर बसलेले रज्जाक मिस्त्री. आप्पांचा नियम एकच. "आधी बोलायचं, मग फोडायचं!" घरातल्या प्रत्येकानं काय पाहिजे ते सांगितल्याशिवाय रज्जाकभाईंना हातोडी उचलायची परवानगी नसायची.

*

स्वयंपाकघराच्या ओट्याबद्दल तर आप्पा फारच कडक. एका घरी मालक स्वतःच भिंतीला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढ्या उंचीचा करा."

"स्वयंपाक तुमी करता?"

"छे! मी कशाला?"

"मग सरका बाजूला. जो उभा राहणार त्याचं माप!"

मग बाईंना बोलावून हात कोपरात वाकवायला सांगायचं. कोपराखाली चार बोटं सोडून पेन्सिलीची रेघ. भाकरी थापायची असेल तर सहा बोटं, कारण तिथं जोर लागतो.

आता गंमत ऐका. आप्पांच्या स्वतःच्या घरातला ओटा त्यांच्या आईच्या मापाचा! आई ठेंगणी, आणि बायको, म्हणजे आमच्या सुमनकाकू, चांगल्या उंच. लग्न होऊन आल्यापासून काकू वाकून वाकून भाकरी थापतायत. दर दिवाळीला आप्पा म्हणायचे, "औंदा ओटा उचलूच." आणि दर दिवाळीला कुणाचं तरी काम निघायचं. आप्पा देवमाणूस, पण ह्या एका गोष्टीचा मला खरंच राग यायचा.

*

मिरजेचे एक रेल्वेतले साहेब आले. "फक्त बाथरूमच्या फरश्या बदलायच्यात."

आम्ही घरी गेलो. चहा येईपर्यंत फरश्यांच्या मागून पाइपलाइन आली. चहा पिऊन होईपर्यंत वरचा मजला आला! आप्पा म्हणाले, "साहेब, ह्याला 'फक्त' म्हणत न्हाईत, नवीन घर म्हणतात. बाईंना विचारलंय का?"

आतून आवाज आला, "मला तो गळका नळ तेवढा बंद करून द्या. वर्षभर सांगतीय ह्यांना!"

रज्जाकभाईंनी नळाला नवा वायसर बसवला आणि आम्ही दुसरा चहा घेऊन परत आलो.

*

जतकडच्या एका आजोबांना मधली भिंत काढून हॉल करायचा होता. नातीचं लग्न ठरलं होतं.

"किती मोठा पाहिजे?"

"चाळीस मेंढरं बसतील एवढा."

आप्पा दचकले. "मेंढरं आत बांधणार व्हय?"

"न्हाई वं! मला माणसांचा अंदाज येत न्हाई, मेंढरांचा येतो."

झालं! अंगणात चुन्याच्या फक्कीनं हॉल आखला. आजोबांनी खरोखर मेंढरं आणून रेघांच्या आत बसवली, लांबून निरखून बघितलं आणि म्हणाले, "अजून हातभर वाढवा. नवऱ्याकडची माणसं लय जाडजूड हायत!"

येताना आप्पा जाम खूश. "असं सांगणारं गिऱ्हाईक पाहिजे गड्या!" मी ड्रॉइंगवर हॉलच्या मधोमध 'मेंढरं चाळीस' असंच लिहिलं होतं.

*

माण तालुक्यात दहिवडीजवळचं एक घर. दोन भाऊ मुंबईला, आई एकटी गावात. दोघं व्हिडिओ कॉलवर. थोरल्याला अटॅच्ड बाथरूम पाहिजे, मग धाकट्यालाही पाहिजे, आणि पाहुण्यांसाठी तिसरं. घरासमोर टँकरचं पाणी भरायला बायका उभ्या होत्या. आप्पांनी फोन आईकडं फिरवला. "मावशी, तुमी बोला."

मावशी शांतपणे म्हणाल्या, "बांधा की तीन. फकस्त टँकरवाल्यालाबी एक खोली काढा. हितंच राहू दे त्याला!"

एकच बाथरूम झालं, आणि मोठी टाकी.

हा किस्सा आप्पांनी घरी सांगितला तेव्हा काकू पोट धरून हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "साऱ्या जिल्ह्याला विचारत फिरतायसा. मला कवा विचारणार?"

आप्पा म्हणाले, "दिवाळी होऊ दे."

*

हल्ली गिऱ्हाईक मोबाइलमध्ये फोटो घेऊन येतं. साताऱ्याच्या एका जोडप्यानं किचनचा फोटो दाखवला. सेम टू सेम पाहिजे! फोटोत ओट्यासमोर खिडकी आणि खिडकीत निळाशार समुद्र.

आप्पा म्हणाले, "खिडकी देतो. समुद्र तेवढा तुमी आणा."

*

आता ते ऑफिस राहिलं नाही. तिथं मोबाइलच्या कव्हरचं दुकान झालंय. तिथनं जाताना माझी मान अजून आपोआप वळते, दारात स्कूटर आहे का बघायला. फार चांगले दिवस होते ते.

आमचं शेवटचं काम आप्पांच्याच घरी झालं. काकूंची कंबर पार गेली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं, आता वाकणं आणि तासन्‌तास उभं राहणं बंद, नाहीतर ऑपरेशन. त्या दिवशी आप्पांचा आवाज मला ऐकवला नाही. दवाखान्यातनंच त्यांनी मला आणि रज्जाकभाईंना फोन लावला. "उद्या या. ओटा फोडायचाय."

दुसऱ्या दिवशी काकू स्वयंपाकघरात खुर्चीवर बसलेल्या, कमरेला पट्टा. आप्पा समोर उभे. नेहमीसारखं सुरू केलं. "आज गिऱ्हाईक तू. काय पाहिजे ते सांग."

"सांगीन तसं करणार?"

"शब्द दिला."

रज्जाकभाई टेप घेऊन पुढं झाले. "वहिनी, जरा उठून हात वाकवता?"

काकू काही उठल्या नाहीत. आप्पांकडं बघून म्हणाल्या, "जो उभा राहणार त्याचं माप. तुमचाच नियम न्हवं?"

"व्हय."

"मग रज्जाकभाई, टेप तिकडं न्या. ह्यांचं माप घ्या."

रज्जाकभाईंनी माझ्याकडं बघितलं. मी वहीत बघितलं. काकू मात्र आप्पांवरची नजर काढेनात.

आप्पांनी हातातलं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाही वर केली, भिंतीला पाठ लावली आणि हात कोपरात वाकवला.

"सहा बोटं धर रं रज्जाक," ते म्हणाले. "भाकरी थापायची हाय."