जीपच्या चाकांवरचा लाल फवारा

मी संशयी माणूस आहे. दुकानदाराने कांदे जास्त तोलले तरी मला वाटतं, यात सडके असणार. त्यामुळे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जीपची चारही चाकं लालभडक दिसली, तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की कोणाचा तरी माझ्या नोकरीवर डोळा आहे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कामरगावकडच्या आमच्या गावात तेवढी एकच जीप. मालकाने त्या वर्षी बैलजोड्या कारंज्याच्या बाजारात विकल्या, शेती भाड्याच्या ट्रॅक्टरवर टाकली, कोठ्यात बैलांच्या जागी जीप उभी केली आणि मला ड्रायव्हर ठेवलं. माझे वडील त्याच घरी सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे.

मालक बाहेर आला. आधी चाकं पाहिली, मग मला.

"काहून रे, काल गाडी सजवून कोनाले फिरवून आनलं?"

"गाडी कोठ्यातून हाललीच नाही, मालक."

"मंग भुतानं रंगवली का? उद्या सकाऊन कारंज्याच्या स्टँडवरून पाव्हणे आनाचे हायेत, पोरीले पाहाले येऊन राह्यले. चाकं होती तशी पायजेत. खालचा रंग खरचटला त चाबी देजो अन् घरी बसजो."

खालचा रंग कारखान्यात भट्टीत भाजलेला, दुधाळ पांढरा. तो गेला तर गावात पुन्हा तसा लावून देणारं कोणी नव्हतं. थिनरने तोही सुटायची भीती, पत्र्याने खरवडावं तर ओरखडे. मी रॉकेल घेतलं आणि आधी चाकाच्या आतल्या बाजूला, कोणाला दिसणार नाही तिथे बोटभर लावून पाहिलं. पांढरा टिकला. मग कापसाचा बोळा भिजवून दाबून ठेवायचा, लाल मऊ पडला की बांबूच्या कामटीने हलकेच सोडवायचा आणि लगेच साबणाच्या पाण्याने धुवायचं. मधला फुगीर भाग शेवटाला ठेवून मी कडांपासून सुरुवात केली.

हात चालू होते तसं डोकंही चालू होतं. भाड्याचा ट्रॅक्टरवाला मालकाच्या मागे मागे करायचा, म्हणून तासभर मी त्यालाच मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण रंग कुंचल्याने मारलेला नव्हता, बारीक थेंबांचा होता. म्हणजे डास मारायच्या हातपंपाने फवारलेला, आणि तो पंप मालकाच्या ओसरीवर टांगलेला असायचा. ट्रॅक्टरवाला सुटला. उरला मालकाचा पुतण्या, नुकताच गाडी शिकलेला. तो दारात उभा राहून पेरू खात म्हणाला, "रंग निंगते का?" तेवढ्यावरूनच मला त्याचा सगळा डाव दिसला.

दुपारी तर मला मालकाचाच संशय येऊ लागला. पुतण्या फुकटात गाडी चालवणार असेल तर मला काढायला काहीतरी निमित्त हवंच की.

वडील दोनदा पाणी आणून देऊन गेले. "लय वाईट दिसते का रे?" त्यांनी विचारलं. मी खेकसलो. "माही नोकरी चालली अन् तुमी दिसन्याचं इचारून राह्यले!"

कडा झाल्या. मधल्या फुगीर भागाला कामटी लावली आणि रंग न भिजवताच सालीसारखा निघून आला. खाली काहीतरी पिवळं, ओशट. वास घेतला. हळद आणि तूप.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळतात, वर्षभराच्या जुवाचा शीण उतरावा म्हणून. वाईट करायला निघालेला माणूस आधी तूप चोळत बसत नाही. आणि या घरात खांदे चोळायचं काम इतकी वर्षं एकच माणूस करत आला होता. मला भयंकर राग आला आणि रडूही आलं.

मान वर केली तर कोठ्याच्या दारात वडील, त्यांच्या मागे मालक.

"सापडला का कोन ते?" मालकाने विचारलं.

"नाही," मी म्हणालो आणि पिवळ्यावर बोळा फिरवला.

"म्या रंगवले, मालक," वडील म्हणाले. "कोठा खाली खाली वाटे. पोयाच्या दिवशी हातावर हात ठेवून बसवलं नाही. त्याले कायले बोलता?"

मालक हसला. चाकांवरून बोट फिरवून पाहिलं. पांढरा रंग जागच्या जागी होता. "पोट्ट्याचा हात चांगला हाये," म्हणाला. माझी नोकरी राहिली. मग वडिलांकडे वळून तितक्याच गोडीने म्हणाला, "बुढ्या, बैलं नाहीत तं कोठ्यात तुह्यं काम तरी काय? पाडव्यापरेंत कायले थांबतं?"

सालदाराचं साल गुढीपाडव्याला संपतं. त्याआधी त्याला उगाच कोणी काढत नाही, निमित्त लागतं. दिवसभर मी ज्याच्या त्याच्यावर संशय घेतला, मालकावरही घेतला, आणि तो संशय बरोबरही होता. फक्त मालकाला कोणाला काढायचं आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्याशुभ्र चाकांची जीप घेऊन मी पाहुण्यांना आणायला निघालो. मालक शेजारी बसला होता. गावाबाहेर काम शोधायला पायी निघालेले वडील दिसले. त्यांनी रस्त्याच्या कडेला होऊन गाडीला वाट दिली.