टेपमावशीचं अर्धं वाक्य

शिवणकाम करणाऱ्या टेपमावशीची एक सवय चर्चच्या अख्ख्या मंडळीला पाठ होती. माप घेताना ती टेप हातात घ्यायची, थांबायची आणि विचारायची, "लावू का गं?" लग्नाचा झगा असो की शाळेचा गणवेश, होकार आल्याशिवाय हात पुढे जात नसे. बायका हसायच्या, तर ती फणकारायची, "दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा, मग विचारायला नको?"

हीच मावशी चर्चच्या पाळकांच्या सांगण्यावरून लग्न ठरलेल्या मुलींचा वर्ग घ्यायची. सुरुवात झाली ती तिच्या स्वतःच्या लेकीपासून, त्याला अठरा वर्षं झाली. वहीत पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वाक्य उतरवलेलं होतं: बायकोच्या शरीरावर तिचा नाही, नवऱ्याचा अधिकार. ते वाचून ती वही मिटायची.

एके सकाळी पाळकांची पुतणी लग्नाच्या झग्याच्या मापाला आली.

"लावू का गं?"

मुलगी मागे सरकली. "टेप लावायला तुम्ही विचारता, मावशी. मग होणाऱ्या नवऱ्याने का नाही विचारायचं? तो म्हणतो, लग्नात एकदा हो म्हटलं की झालं, मंडळीतही हेच शिकवतात. खरं असेल तर झगा शिवू नका."

"उद्या सांगते," म्हणून मावशीने वेळ मारून नेली. पण जिवाला चैन कुठली! एक बाही उलटी जोडली, उसवली, पुन्हा उलटीच जोडली. नवरा असेपर्यंत 'नको' हा शब्द तिनेही गिळलाच होता आणि त्यालाच भक्ती समजली होती. शेवटी मशीन सोडून तिने शास्त्र उघडलं.

वाक्य तिथे संपतच नव्हतं. तसाच नवऱ्याच्या शरीरावर बायकोचा अधिकार, असं लगेच पुढे होतं. त्याखाली दोघांच्या संमतीची गोष्ट होती. वहीचं पान भरलं होतं, म्हणून तिने तेवढंच उतरवलं होतं. स्वतःचा इतका राग तिला कधी आला नव्हता.

ती तशीच उठून पुतणीकडे गेली. "अर्धंच शिकवलं गं मी. त्याला घेऊन ये, पूर्ण वाचून दाखवते. विचारायला लाज वाटत असेल त्याला, तर झगा मीच शिवणार नाही."

मग पाय आपोआप लेकीच्या घराकडे वळले. दारातच, धापा टाकत, तिने सगळं सांगितलं.

"मला वाटायचं, आई," लेक म्हणाली, "पुढचं माहीत असूनही तू ते गाळलंस."