रिव्हर्स न पडणारी गाडी

मी धाराशिवात राहते आणि तेरच्या शाळेत शिकवते. नवऱ्याची नोकरी नागपूरकडं, तो महिन्यातून एकदा येतो. एरवी घरात मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. मामा तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी मनानं ते अजून टेबलावरच होते. दुधाच्या पिशवीवरची तारीखसुद्धा चष्मा लावून, टपाल तपासावं तशी तपासायचे.

एसटीच्या धक्क्यांनी माझी कंबर कुरकुरायला लागली तेव्हा गाडी घ्यायचं ठरलं. नवी परवडणार नव्हती. सोलापूरला जुन्या गाड्या विकणारा एक व्यापारी आहे असं शाळेतल्या एका सरांनी सांगितलं. एका रविवारी आम्ही दोघं तिथं गेलो.

व्यापारी चाळिशीचा, बोटात दोन अंगठ्या, बोलणं मऊ. त्यानं एक पांढरी छोटी गाडी दाखवली. एका डॉक्टरीणबाईंची गाडी, घर ते दवाखाना एवढीच चाललेली, मीटरवर बेचाळीस हजार किलोमीटर. मी एक लहानशी चक्कर मारली, छान पळाली. मागं घेऊन पाहिली, मागंही आली. मामांनी आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी दोनदा ताडून पाहिला, विम्याची मुदत पाहिली, सह्या पाहिल्या. कागद चोख निघाले म्हणून गाडीही चोख असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. पैसे देऊन पावती घेतली आणि निघालो.

तुळजापूर वाटेतच. गाडी घेतली आणि देवीला दाखवली नाही असं आमच्या भागात होत नाही. ओळखीच्या पुजाऱ्यांनी गाडीला हार घातला, काचेवर कुंकवानं स्वस्तिक काढलं. मी गाडी भिंतीकडं तोंड करून लावली होती, म्हणून लिंबं चाकांच्या मागं ठेवली. पुजारी म्हणाले, घ्या मागं. मी रिव्हर्स टाकला. खर्रर्र असा आवाज आला आणि गिअरचा दांडा माझ्या हातातून उसळून जागेवर आला. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. चार-पाच वेळा झाल्यावर पुजारी खिडकीशी वाकून म्हणाले, "तुम्ही एवढ्यात जावं अशी देवीची इच्छा दिसत न्हाय."

शेवटी दर्शनाला आलेल्या आठ-दहा जणांनी गाडी मागं ढकलली. लिंबं चिरडली गेली, पण माणसांच्या ताकदीवर.

व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, हात नवा आहे मॅडम, गिअरची आणि तुमची ओळख होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच रिव्हर्स पडला. मी अंगणातून गाडी ऐटीत बाहेर काढली आणि तेरला गेले. शाळेपाशी पोचल्यावर पुन्हा खर्रर्र. आठवडाभरात कळलं ते असं, की गाडी थंड असली की मागं जाते, आणि दहा-बारा किलोमीटर पळून तापली की तिला मागं जाणं मंजूर नसतं.

मी गाडी व्यापाऱ्याकडं नेऊन दिली. आठ दिवसांनी ती धुऊन-पुसून, पॉलिश करून परत आली. रिव्हर्स तसाच. पुन्हा नेली, तर नवी सीट कव्हरं घालून आली. तिसऱ्यांदा नेली तेव्हा पायाखाली मखमली मॅट आणि पुढं गुलाबाच्या वासाची बाटली. गाडी मागं जात नव्हती, पण दिसायला सुंदर होत चालली होती. चौथ्यांदा मी फोन केला तेव्हा तो उचललाच गेला नाही.

मधल्या काळात मी मागं न जाता जगायला शिकले. ज्या गल्लीला पलीकडून वाट नाही त्या गल्लीत शिरायचं नाही. गाडी लावायची ती उतारावर, तोंड रस्त्याकडं करून. तेरमध्ये कुठं किती उतार आहे हे त्या तीन महिन्यांत माझ्याइतकं कुणालाच माहीत नसेल. खरी पंचाईत व्हायची ती अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की. मी काय करणार, नुसती बसून राहायचे. समोरचा हॉर्न वाजवायचा, हातवारे करायचा, मग बाईमाणूस आहे म्हणून स्वतःच मागं व्हायचा. एकदा दुधाचा टेम्पो मागं गेला. एकदा उसाचा ट्रॅक्टर, तोही भरलेल्या दोन ट्रेलरसकट, शिव्या देत देत वळणापर्यंत मागं गेला. दोन ट्रेलर मागं घेणं किती अवघड असतं हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी मात्र लाजेनं मान खाली घालून बसले होते. पण गावात बोलणं वेगळंच पसरलं. शाळेत एका पालकानं मला अदबीनं नमस्कार केला आणि सरांना म्हणाला, "लई कडक बाई हाय. कुणापुढं मागं हटत न्हाय."

एका रविवारी मामा गाडी पुसत होते. त्यांना पुसताना प्रत्येक वस्तू वाचायची सवय. ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या कडेला धुळीनं माखलेला एक स्टिकर होता, तो त्यांनी ओल्या फडक्यानं हळूहळू स्वच्छ केला आणि मला हाक मारली. कुठल्याशा गॅरेजचा स्टिकर होता तो. पुढची सर्व्हिसिंग अठ्ठ्याऐंशी हजार किलोमीटरला, असं त्यावर पेनानं लिहिलं होतं. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

मी मीटरकडं पाहिलं. पंचेचाळीस हजार.

मला संतापानं रडू आलं. मामांच्या चेहऱ्यावर मात्र एक तेज आलं, जे मी निवृत्तीनंतर प्रथमच पाहत होते. ते आत गेले, सदरा बदलून आले आणि बाहेर निघून गेले. तासाभरानं कोर्टाजवळच्या पुस्तकाच्या दुकानातून ग्राहक संरक्षण कायद्याचं एक पुस्तक घेऊन आले. ते त्यांनी दोन दिवस वाचलं. वाचताना मधूनमधून शाबास असं पुटपुटत होते, जसं काही ते पुस्तक त्यांच्या हाताखालच्या माणसानं लिहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मला समोर बसवून त्यांनी सांगितलं. जुनी गाडी असली तरी धंदा म्हणून विकणाऱ्याकडून घेतलीय, म्हणजे आपण ग्राहक. दोष लपवला, मीटर मागं फिरवलं, ही फसवणूक. तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, सोलापूरला जायची गरज नाही. वकील लागलाच पाहिजे असंही नाही. आणि मुदत दोन वर्षांची, म्हणजे घाई नाही. शेवटचं वाक्य ते जरा रेंगाळून म्हणाले. त्यांना घाई अजिबात नव्हतीच.

आधी नोटीस पाठवायची होती. मामांनी सात पानं लिहिली. विषय होता, संदर्भ होते, तुळजापूरची लिंबंसुद्धा होती. मी ती दीड पानावर आणली. प्रत्येक वाक्य काढताना ते दात उपटल्यासारखे कळवळत होते. नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली. व्यापाऱ्याचं उत्तर एका ओळीत आलं, पावतीच्या मागची सूचना वाचावी. आम्ही पावती उलटून पाहिली. बारीक अक्षरात छापलं होतं, एकदा विकलेली गाडी परत घेतली जाणार नाही.

मी खचले. मामा हसले. म्हणाले, "असली ओळ छापून चोरी माफ होत असती, तर आमच्या कचेरीतल्या निम्म्या लोकांनी कपाळावरच छापून घेतली असती."

धाराशिवच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पानांना क्रमांक, प्रत्येक प्रतीवर सही, सोबत स्टिकरचा फोटो, गाडी नेली-आणली त्या तारखा, एका जाणत्या मिस्त्रीचा लेखी दाखला. तिथल्या क्लार्कनं फाईल चाळली आणि विचारलं, कुठल्या वकिलांनी तयार केलीय. मामा चार दिवस हवेत होते.

पुढं तारखा पडत गेल्या. शेवटी आयोगानं आम्हाला मध्यस्थीसाठी पाठवलं, म्हणजे दोन्ही बाजूंनी एका खोलीत बसून तोडगा निघतो का ते पाहायचं. मध्यस्थ म्हणून वयस्कर वकीलबाई होत्या. व्यापारी स्वतःचा वकील घेऊन आला होता. दोघं वकिलाच्याच गाडीतून आले होते, ती खाली आमच्या गाडीपासून थोड्या अंतरावर उभी होती. दोन तास थांबल्यावर आमचा नंबर आला. व्यापाऱ्याचा वकील म्हणाला, गाडीत काही दोष नाही, या बाईंना चालवता येत नाही एवढंच. हे ऐकून मी रागानं मिस्त्रीचा दाखला पुढं सरकवला. व्यापाऱ्याला मात्र जोर चढला. म्हणाला, गाडी खालीच आहे, आत्ता दाखवतो.

सगळे खाली उतरलो. व्यापारी गाडीत बसला, रिव्हर्स टाकला. गाडी लोण्यासारखी मागं गेली. पुन्हा पुढं घेतली, पुन्हा मागं. वकीलबाईंनी माझ्याकडं पाहिलं. गाडी दोन तास सावलीत उभी होती, थंडगार होती, हे मला कळत होतं, पण ते सांगितलं असतं तर बहाणा वाटला असता.

मामा पुढं झाले. अगदी नम्रपणे व्यापाऱ्याला म्हणाले, "एवढं खात्रीचं आहे तर तुळजापूर रस्त्यानं जरा दहा किलोमीटर जाऊन या. बाईसाहेबांचीही खात्री होईल."

वकीलबाई म्हणाल्या, हरकत काय आहे. नाही म्हणायला जागा नव्हती. व्यापारी एकटाच गेला आणि अर्ध्या तासानं परत आला. मधल्या वेळात दुसऱ्या गाड्या येऊन लागल्या होत्या. त्याला एकच जागा दिसली, ती कोपऱ्यात, बाजूची भिंत आणि त्याच्याच वकिलाची गाडी यांच्या मधली. तो तोंड घालून तिथं शिरला. इतका चिकटून शिरला, की दार उघडेना. म्हणून जरा मागं घ्यायला त्यानं रिव्हर्स टाकला.

खर्रर्र.

पहिल्या आवाजाला तो हसला. दुसऱ्या आवाजाला घाम पुसला. चौथ्या आवाजापर्यंत आवारातले पक्षकार, साक्षीदार, चहावाला, सगळे भोवती जमले होते. दार उघडत नव्हतं, गाडी मागं येत नव्हती, आणि पुढंही भिंत. काच खाली करून तो आत बसून राहिला. कुणीतरी म्हणालं, ढकला. पुढच्या बाजूनं जोर लावायला जागा थोडी, तिथं बारीक माणूसच मावणार होता. सगळ्यात बारीक त्याचा वकील निघाला. काळा कोट चहावाल्याच्या हातात देऊन तो भिंत आणि बॉनेट यांच्या फटीत शिरला आणि त्यानं भिंतीला पाठ लावून जोर केला. मीही मागच्या बाजूनं हात लावून ओढल्यासारखं केलं. त्याचा काही उपयोग नव्हता, पण मला हात लावावासा वाटला.

गाडी बाहेर आली. वकिलानं कोट घातला, व्यापाऱ्याला बाजूला नेलं आणि पाच मिनिटं त्याच्या कानात बोलत राहिला. परत वर गेल्यावर व्यापारी म्हणाला, गाडी परत घेतो, सगळे पैसे देतो, वर तुमच्या त्रासाबद्दलही काही देतो. वकीलबाईंनी ते तिथंच लिहून घेतलं, सगळ्यांच्या सह्या झाल्या, आणि महिन्याच्या आत पैसे बँकेत जमा झाले.

त्या दिवशी गाडी तिथंच व्यापाऱ्याला सोपवून घरी येताना मी रिक्षात गाणं गुणगुणत होते. मामा मात्र हिरमुसले होते. कारण विचारलं तर म्हणाले, तडजोड झाली, म्हणजे निकाल लागला नाही. निकालासाठी त्यांनी युक्तिवादाची अकरा पानं तयार ठेवली होती. ती कुणी ऐकलीच नाहीत. शेवटी त्या संध्याकाळी मी भाकरी करताना त्यांनी ती मला ओट्याशी उभं राहून वाचून दाखवली. चांगली होती. सातव्या पानावर माझी एक भाकरी करपली.

आता मामांकडं गल्लीतले लोक येतात. कुणाचा पंप बंद पडलेला, कुणाच्या मिक्सरचा झटका बसतो. मामा आधी पावती मागतात आणि नसली तर माणसाला फैलावर घेतात. गेल्या महिन्यात सोलापूरहून एक फोन आला. तोच व्यापारी होता. दुकानासाठी घेतलेला इन्व्हर्टर आठ दिवसांत बंद पडला होता आणि विकणारा दाद देत नव्हता. मला वाटलं, मामा फोन ठेवतील. ते म्हणाले, धंद्यासाठी घेतलाय म्हणून ग्राहकात बसतो का ते बघावं लागेल, कागद घेऊन या.

तो खरंच आला. मी चहा केला. दोघं समोरासमोर बसून दुपारभर मसुदा करत होते, आणि एकदा व्यापारी कळकळीनं म्हणाला, "काका, लोक किती खोटं बोलतात हो." मामांनी मान न उचलता विचारलं, "हे वाक्य अर्जात घालायचं का?"