धरलेला दम

रावेरच्या दवाखान्यात मी बीपी मोजते. केळीचे घड डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरणारा एक मजूर तिथे यायचा. दंडाला पट्टा आवळू लागला, की त्याची मान ताठ व्हायची, जबडा मिटायचा आणि श्वास थांबायचा. आकडा दर वेळी खूप वर गेलेला असायचा.

"भाऊ, श्वास सोडा!" मी खेकसायचे. "दम धरला की नसा आवळतात, प्रेशर चढतं. गोळी तर घ्याच, पण रोज थोडा वेळ शांत बसून सावकाश श्वास घेत जा."

तो कसनुसा हसायचा. "वझं डोक्यावर असलं का दम धराच लागते, बाई. सोडला त घड पडते. आता आंगालेच सवय झाली."

गोळ्या खिशात कोंबून तो पुन्हा ट्रककडे पळायचा.

मग बरेच दिवस तो आलाच नाही. परवा बायको त्याला धरून घेऊन आली. तोंड वाकडं झालेलं, उजवा हात नुसता लोंबकळत होता. मी पट्टा बांधला. या खेपेला श्वास अगदी संथ चालला होता, मी सांगायचे तसा.

"आता दम धरा लागत नाही, बाई," तो जड जिभेनं म्हणाला. "वझंच कोनी देत नाही."